पुढे चालणाऱ्या स्काऊटला पडद्यावर नाव द्या : युद्धपट आणि गेम बनवणाऱ्यांना खुले पत्र

युद्धपट, वेबमालिका आणि व्हिडिओ गेम लिहिणाऱ्या, दिग्दर्शित करणाऱ्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

मी मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालो. तरुणपणी राष्ट्रीय रायफल्सबरोबर काश्मीरमध्ये होतो आणि तिथला बराच काळ सेक्शनचा स्काऊट म्हणून चाललो. पुढे नव्या जवानांना पेट्रोलिंग शिकवलं. आता गावी भरतीची तयारी करणाऱ्या मुलांचा सराव घेतो. तुमचे चित्रपट मी पाहतो, ही मुलंही पाहतात. त्या चित्रपटांनी सैन्याबद्दल लोकांच्या मनात जिव्हाळा निर्माण केला, हे मी मनापासून मानतो. म्हणूनच एका जवानाबद्दल तुमच्याशी सविस्तर बोलायचं आहे. तो तुमच्या प्रत्येक कथेत असतो आणि बहुतेक वेळा चुकीचा दाखवला जातो. सगळ्यांच्या पुढे चालणारा जवान.

पडद्यावर त्याची दोनच रूपं दिसतात. एक तर तो कथेचा नायक असतो, बहुधा अधिकारी, आणि सगळी पलटण त्याच्या मागे चालत असते. नाहीतर तो बिननावाचा असतो. चार पावलं टाकतो, गोळी लागते, पडतो, आणि लढाई सुरू झाली हे प्रेक्षकाला कळतं. त्यानंतर त्याचं नाव कोणी काढत नाही.

आमच्याकडे सेक्शन म्हणजे साधारण दहा जणांची तुकडी. तिच्या पुढे दोन स्काऊट असतात, पहिला आणि दुसरा. त्यांच्या मागे सेक्शन कमांडर, मग रायफलवाले, एलएमजी म्हणजे हलक्या मशिनगनची जोडी, आणि शेवटी मागचं सांभाळणारा. पहिला स्काऊट बघतो, दुसरा त्याला कव्हर देतो. पहिल्याची नजर समोरच्या जमिनीवर असते. दुसऱ्याची नजर पहिल्याच्या डोक्यावरून पलीकडे, बाजूच्या उतारावर, झाडांच्या शेंड्यांवर. पहिला आडोशाला पोचून बसला की दुसरा उठतो. मोकळी जागा आली की एकाने बसायचं आणि एकाने ओलांडायचं. डोळे थकतात, म्हणून स्काऊट बदलत राहतात. थकलेल्या डोळ्यांना सापळ्याची तार दिसत नाही.

ही रचना कशासाठी आहे, ते तुमच्या पटकथांमध्ये कधीच येत नाही. शत्रूची आणि आपली गाठ पडायचीच असेल, तर ती आपल्या कमीत कमी माणसांशी पडावी. गोळीबार दोघांवर झाला, तर मागच्या आठ जणांना जागा मिळते, आडोसा मिळतो, बाजूने वळसा घालायला वेळ मिळतो. फायर कुठून आला, हत्यार कोणतं, किती जण असावेत, हे सगळं सेक्शन कमांडरला त्या पहिल्या काही सेकंदांत समजतं. पुढच्या दोघांनी मागच्यांसाठी विकत घेतलेली माहिती असते ती. कमांडर थोडा मागे असतो त्याचं कारणही हेच. पहिल्याच फटक्यात तो जमिनीला खिळला, तर बाकीच्यांना हलवणार कोण?

इथे गैरसमज नको. आपल्या फौजेत अधिकारी पुढे राहून लढतात, ही खरी गोष्ट आहे. कारगिलमध्ये खालूबारवर लेफ्टनंट मनोज पांडे आणि पॉइंट ४८७५ वर कॅप्टन विक्रम बत्रा हल्ल्याच्या अग्रभागी असतानाच धारातीर्थी पडले. त्यांच्यावर चित्रपट झाले पाहिजेत आणि होत राहिले पाहिजेत. माझं म्हणणं एवढंच की त्याच डोंगरांवर, त्याच दिवसांत, सगळ्यात खालच्या हुद्द्याचे जवानही सगळ्यात पुढे होते. त्यांचं पुढे असणं हे वेगळं काम होतं. तुम्ही ते अधिकाऱ्याच्या भूमिकेत मिसळून टाकता.

रायफलमन संजय कुमार यांचं उदाहरण घ्या. १३ जम्मू-काश्मीर रायफल्स, मुश्कोह खोरं, ४ जुलै १९९९. त्यांच्या परमवीर चक्राच्या मानपत्रात स्पष्ट म्हटलं आहे की पॉइंट ४८७५ च्या फ्लॅट टॉप या भागावर जाणाऱ्या तुकडीचा लीडिंग स्काऊट होण्यासाठी ते स्वतःहून पुढे आले. बंकरमधून ऑटोमॅटिक फायर आला आणि तुकडी अडली. संजय कुमार एकटे धावून गेले, हातघाईत तिघांना मारलं, स्वतः गंभीर जखमी झाले. तसेच दुसऱ्या बंकरवर गेले. शत्रू मशिनगन टाकून पळाला, तेव्हा तीच उचलून त्यांनी पळणाऱ्यांवर चालवली. अंगातून रक्त वाहत असताना मागे न्यायला नकार दिला. देशाचा सर्वोच्च सन्मान मिळालेल्या माणसाच्या कागदावर 'स्काऊट' हे काम लिहिलेलं आहे. आपल्यापैकी किती प्रेक्षकांना ते माहीत आहे?

त्याच तारखेला टायगर हिलवर १८ ग्रेनेडियर्सचे योगेंद्र सिंह यादव होते. वय १९. घातक प्लॅटूनला, म्हणजे हल्ल्यासाठी निवडलेल्या जवानांच्या तुकडीला, वर चढता यावं म्हणून सरळसोट कड्यावर पुढे जाऊन दोर बांधायचं काम त्यांनी मागून घेतलं होतं. हल्ल्यातलं त्यांचं शौर्य पडद्यावर आलं आहे. पण दोर बांधणं हे कसलं काम आहे, त्यावर कोणी रेंगाळलं नाही. बर्फाळ खडकावर अंधारात हात चाचपडत जातो, आवाज करायचा नसतो, आणि मागच्या प्रत्येकाचं वजन उद्या त्याच गाठीवर पडणार असतं. मला विचाराल तर प्रेक्षकाचा श्वास तिथे अडकला पाहिजे.

मागे गेलात तर हीच माणसं सापडतात. पहिल्या महायुद्धात खंदक नागमोडी खणलेले असत, प्रत्येक वळणापलीकडे काय आहे ते दिसत नसे. १० मार्च १९१५ रोजी फ्रान्समधल्या न्यूव्ह शापेलच्या लढाईत ३९व्या गढवाल रायफल्सचे रायफलमन गबर सिंह नेगी संगीन लावून जर्मन खंदकात शिरले. त्यांच्या व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्रात नोंद आहे ती याची, की प्रत्येक वळणावर पहिला माणूस तेच होते. शत्रूने शरणागती पत्करली आणि नेगी त्याच लढाईत पडले. आपल्या इतिहासात तर बिनीवर असणं हा मानच होता. पेशव्यांच्या सरदारांपैकी विसाजी कृष्ण बिनीवाले म्हणूनच ओळखले गेले. फौजेच्या आघाडीला चालणाऱ्याला नाव द्यायची रीत आपल्याकडे जुनी आहे.

हे सगळे पराक्रमाचे क्षण झाले. पण स्काऊटचं खरं आयुष्य अशा दिवसांमध्ये जातं ज्या दिवशी काहीच घडत नाही. तुम्ही ते दिवस कधी लिहीत नाही म्हणून एक सकाळ सांगतो.

कुपवाडा जिल्ह्यातलं जंगल. देवदार आणि कैलची झाडं, खाली सुयांचा गालिचा, त्यावर पाऊल वाजत नाही. नाल्याच्या काठाने गवताची पट्टी. पहाटेचं दव पडलेलं, त्यामुळे सगळं गवत पांढुरकं. त्या पांढुरक्या गवतात हातभर रुंदीची एक गडद रेघ होती, नाल्याकडून वर झाडीत गेलेली. दव झटकलं गेलं होतं, म्हणजे उजाडायच्या सुमारास कोणीतरी तिथून गेलं होतं. गुरं असती तर रेघ फाटलेली, शेण पडलेलं, गवत कुरतडलेलं दिसलं असतं. ही रेघ सरळ होती. मी मूठ वर केली. मागे बघितलंही नाही, कारण बघायची गरज नसते. दुसऱ्या स्काऊटने मूठ वर केली, त्याच्या मागच्याने केली, आणि पूर्ण सेक्शन आवाज न करता बसली. मग मी अंगठा खाली केला. फील्ड सिग्नलमध्ये त्याचा अर्थ शत्रू दिसला किंवा संशय आहे.

पुढे त्या दिवशी गोळी चालली नाही. ज्या वाटेने आम्ही जाणार होतो ती सोडली, वरून फेरा घातला, झाडीत रात्री मुक्काम केल्याच्या खुणा आणि घाईत सोडलेलं सामान सापडलं. आम्ही ठरलेल्या वाटेने गेलो असतो तर काय झालं असतं, ते कोणालाच माहीत नाही. स्काऊटच्या कामाचा हिशेब असाच राहतो. जे टळलं त्याची नोंद कुठेच होत नाही, त्याला पदक नसतं, आणि कथालेखकाला त्यात कथा दिसत नाही. मला मात्र त्यातच कथा दिसते. दहा माणसं सकाळी निघाली आणि दहा संध्याकाळी परत आली.

फौजेत एक धडा सगळ्यांना शिकवतात, एनसीसीच्या मुलांनाही शिकवतात : 'चीजें क्यों नजर आती हैं'. शक्ल, साया, चमक, हरकत, फासला. वस्तू दिसते ती तिच्या आकारामुळे, सावलीमुळे, चकाकीमुळे, हालचालीमुळे, आणि एकसारख्या अंतरामुळे. निसर्गात काहीच समान अंतरावर नसतं. चार दगड सारख्या अंतरावर असले की कोणाचा तरी हात तिथे लागला आहे. हा धडा दोन्ही बाजूंनी चालतो, दुसऱ्याला शोधायला आणि स्वतःला लपवायला. तुमच्या पडद्यावरचे जवान हा धडा न शिकता आल्यासारखे वागतात. चौकटीत सगळे चेहरे मावावेत म्हणून खांद्याला खांदा लावून चालतात, जंगलात गप्पा मारतात, कड्याच्या माथ्यावर आभाळाच्या पार्श्वभूमीवर उभे राहतात. तसे चाललात तर गोळ्यांच्या एका बर्स्टमध्ये चौघे जातात, हे आमच्याकडे पहिल्या महिन्यात अंगात भिनवलं जातं.

कॅमेऱ्याबद्दल एक मागणं आहे, आणि या पत्रातली ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तुम्ही कॅमेरा नेहमी स्काऊटच्या पुढे ठेवता. त्याचा चेहरा दिसतो, घाम दिसतो, डोळे दिसतात. पण त्याच्या पुढे कोणी नाही, हाच तर त्याच्या कामाचा अर्थ आहे. कॅमेरा पुढे गेला की प्रेक्षक त्याच्या आधीच तिथे पोचतो आणि मागे वळून त्याच्याकडे बघत राहतो. झुडपात लपलेल्याची नजरही नेमकी तीच असते. कॅमेरा मागे आणा. दुसऱ्या स्काऊटच्या डोळ्यांच्या जागी ठेवा. समोर एक पाठ, पाण्याच्या बाटलीचा पट्टा, मानेवरचा घाम, आणि पलीकडे नुसती झाडी. पार्श्वसंगीत बंद करा, कारण धोका आला की आम्हाला कोणी व्हायोलिन वाजवून कळवत नाही. तीन मिनिटं तसंच चालू द्या. ती पाठ मध्येच थांबेल तेव्हा प्रेक्षागृहात एकही माणूस हलणार नाही, हे मी खात्रीने सांगतो.

आणि त्या दोघांमधलं नातं लिहा. मी ज्याच्या मागे चाललो त्याच्या उजव्या खांद्याची हालचाल मला आजही ओळखता येईल. काही संशयास्पद दिसलं की तो खांदा किंचित खाली जायचा, मूठ त्यानंतर वर यायची. आमचं बोलणं कमी व्हायचं. जेवताना तो माझ्या थाळीत त्याची भाजी टाकायचा. पहिला स्काऊट मागे बघत नाही तो दुसऱ्यावरच्या भरवशामुळे. पूर्ण बटालियनच्या मैत्रीची गाणी लिहिता, त्याऐवजी या दोघांमधलं दहा पावलांचं अंतर लिहून बघा.

आता गेम बनवणाऱ्यांकडे वळतो, कारण माझ्या सरावाला येणारी मुलं चित्रपटांपेक्षा गेममध्ये जास्त रमलेली आहेत. अमेरिकन सैन्यात पुढच्या माणसाला पॉइंट मॅन म्हणतात आणि व्हिएतनाम युद्धानंतर तो त्यांच्या चित्रपटांत, गेममध्ये कायमचा आला. २००५ साली आलेल्या एका गाजलेल्या इंग्रजी गेममध्ये तर नायकाला स्वतःचं नावच नाही, त्याला फक्त पॉइंट मॅन म्हणतात. त्याच्याकडे एक जादुई शक्ती असते : बटण दाबलं की सगळं जग संथ होतं आणि त्याला नेम धरायला वेळ मिळतो. खऱ्या स्काऊटलाही वेळ हवाच असतो. तो मिळवायचा त्याच्याकडे एकच मार्ग आहे, स्वतः हळू चालणं. तुमच्या गेममध्ये हळू चालणारा हरतो.

मोबाईलवर चौघांचा स्क्वॉड करून खेळणारी मुलं घरात पहिल्यांदा घुसणाऱ्याला रशर म्हणतात. पडला तर बाकीचे त्याला उठवतात, नाही उठवलं तर पुढचा डाव आहेच. आम्ही ज्याला रूम इंटरव्हेन्शन म्हणतो त्यात दारातून आत जाणाऱ्या पहिल्या जवानाच्या डोक्यावर बुलेटप्रूफ पटका असतो, समोर अंधार असतो, आणि आत घरातली बायकामुलं असू शकतात. गोळी न चालवण्याचा निर्णयही त्यालाच क्षणात घ्यायचा असतो. असा एकही गेम मुलांनी मला दाखवलेला नाही ज्यात गोळी न चालवल्याबद्दल गुण मिळतात.

एक गोष्ट मात्र तुम्ही फार चांगली केली आहे आणि ती सांगायलाच हवी. हेडफोन लावून खेळणारी मुलं पावलांचे आवाज ओळखतात. डावीकडून, वरच्या मजल्यावरून, लाकडावरून की गवतावरून, सगळं. ऐकण्याची ती सवय स्काऊटच्या कामाच्या सगळ्यात जवळची आहे. त्याच्यापुढे एक पाऊल टाका. बघण्याला किंमत द्या. उकरलेली माती, बदललेली वाट, अचानक गप्प झालेले पक्षी, दुपारच्या वेळी रिकामं असलेलं अंगण, हे ओळखणाऱ्या खेळाडूमुळे त्याची टीम जिंकते असं काहीतरी करा. मुलं हुशार आहेत, शिकतील.

हे फक्त काश्मीरपुरतं नाही. गडचिरोलीत १९९० पासून सी-६० या नक्षलविरोधी पोलीस पथकाचे जवान जंगलात एकामागोमाग चालत आले आहेत. त्यातले अनेक त्याच भागातले, गोंडी बोलणारे, जंगलाची खूण अंगात असलेले. तिथे पुढच्या माणसासमोर गोळीआधी पेरलेल्या सुरुंगाचा प्रश्न असतो. काश्मीरमध्ये रोज सकाळी रस्ते उघडणारी पार्टी, आरओपी, हेच करते. कुत्रा, डिटेक्टर आणि पायी चालणारे जवान रस्त्याची कड तपासत जातात, मग त्यावरून ताफे सुटतात. सियाचीनमध्ये दोराला बांधलेल्या रांगेतला पहिला माणूस बर्फाखालची भेग चाचपत जातो. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांतला मुलगा आज यापैकी एखाद्या रांगेत पुढे असेल.

त्या घरांसाठीच हे लिहायला बसलो. माझ्या ओळखीची एक आई आहे. तिचा मुलगा स्काऊट होता आणि पुढे चालताना गेला. तिने टीव्हीवर असंच एक दृश्य पाहिलं : पुढचा जवान हसत काहीतरी बोलतोय, गोळी येते, तो पडतो. तिने मला विचारलं, "दादा, माझ्या पोराचं लक्ष नव्हतं का रं?" इतकी वर्षं ती हे मनात धरून होती. मी तिला सांगितलं की लक्ष होतं. त्याने हात वर केला होता. मागचे सगळे त्या हातामुळे खाली बसले, आणि त्यांच्यापैकी प्रत्येक जण आपल्या घरी पोचला. तिने तो हात कसा वर करतात ते मला करून दाखवायला लावलं.

तिच्या मनात तो प्रश्न चित्रपटाने टाकला, असं मी म्हणत नाही. दुःखात असे प्रश्न येतातच. पण वर्षानुवर्षं पुढचा माणूस बेसावध दाखवल्यावर दुसरं उत्तर तिला कुठून मिळणार होतं? तो पडणार असेल तर पडू दे, खोटं दाखवू नका. पण पडण्याआधी त्याने काय पाहिलं आणि मागच्यांना काय कळवलं, ते दाखवा. आधीच्या प्रसंगात कोणीतरी त्याला नावाने हाक मारू दे. नंतर सेक्शन मोजली जाते तेव्हा तेच नाव पुन्हा येऊ दे.

मुलांबद्दलही काळजी वाटते. आज अग्निवीर म्हणून भरती होणाऱ्याला पलटणीत जायच्या आधी जेमतेम काही महिन्यांचं प्रशिक्षण मिळतं. त्याआधीची दहा वर्षं त्याला तुम्ही शिकवलेलं असतं. सोळाशे मीटर धावून आलेला मुलगा दम खात मला म्हणतो, सर, मला सगळ्यात पुढे राहायचंय. त्याच्या डोळ्यांसमोर काय आहे ते मला माहीत असतं : धावणं, ओरडणं, ट्रिगर. मी त्याला मैदानाच्या कडेला बसवतो आणि समोरच्या बांधावर काय काय दिसतं ते सांगायला लावतो. पहिल्यांदा पाच गोष्टी सांगतो. महिन्याभराने वहीचं पान भरतं.

हत्यारांबद्दल दोन गोष्टी पटकन सांगतो. पडद्यावर मॅगझिन संपत नाही, गेममध्ये एका बोटाने भरतं. आमच्या रेजिमेंटचे नायक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, आपल्या सेक्शनसह जवळून आलेल्या मशिनगनच्या माऱ्यात सापडले. त्यांच्याखेरीज सगळे पडले किंवा जखमी झाले. ते एकटे चालून गेले, ग्रेनेड टाकला, गोळी झाडली, आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारलं. शेवटी शत्रूच्या स्नायपरांनी त्यांना टिपलं. व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्रात मॅगझिनचा तो उल्लेख आहे. वय अवघं २२. रायगडच्या या माणसाच्या आयुष्यातले ते काही सेकंद तुम्ही जसेच्या तसे दाखवलेत तरी त्यात काही वाढवावं लागणार नाही. आणि दुसरी गोष्ट, स्काऊटचं बोट ट्रिगरवर ठेवू नका. ते ट्रिगरभोवतीच्या गार्डच्या बाहेर असतं. अडखळून सुटलेली एक गोळी पूर्ण सेक्शनचा ठावठिकाणा सांगते.

शेवटची विनंती कामाची आहे. तुमच्याकडे लष्करी सल्लागार असतात, बहुतेक वेळा निवृत्त अधिकारी. त्यांना ठेवाच. नकाशा, हुकूम, योजना त्यांच्याइतकी कोणी सांगू शकणार नाही. त्यांच्या जोडीला एक निवृत्त जवान घ्या, जो स्वतः स्काऊट म्हणून चालला आहे. सातारा, कोल्हापूर, सांगली, बेळगाव, कोकण, नगर, कुठल्याही जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी केलीत तर असे दहा जण भेटतील. त्याला मानधन द्या आणि श्रेयनामावलीत त्याचं नाव त्याच्या हुद्द्यासह लिहा. मात्र चित्रीकरणाच्या दिवशी बोलावू नका. पटकथेच्या पहिल्या वाचनाला बोलवा. चित्रीकरणापर्यंत कोण पुढे चालणार, किती अंतरावर चालणार आणि कॅमेरा कुठे असणार, हे सगळं ठरून गेलेलं असतं.

आपला,
एक निवृत्त हवालदार, मराठा लाइट इन्फंट्री
जिल्हा सातारा